सहा आठवड्यांची परिचारिका

परंड्यापासून पुण्यामुंबईपर्यंत मराठी वाचणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या हाती 'चौघीजणी' हे पुस्तक केव्हा ना केव्हा आलेले असते. शान्ता शेळके यांनी ते मराठीत आणले. चार बहिणींची ही गोष्ट मूळ इंग्रजीत लिहिणारी लुइझा मे अल्कॉट ही अमेरिकन लेखिका. जगात तिचे नाव झाले ते या पुस्तकामुळे. परंतु हे पुस्तक लिहिण्यापूर्वी सहा वर्षे तिने लेखणी बाजूस ठेवून रुग्णालयात परिचारिकेची नोकरी धरली होती आणि ती नोकरी तिला दोन महिनेसुद्धा करता आली नाही, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेनसिल्व्हेनिया संस्थानातील जर्मनटाउन येथे झाला. चार बहिणींत ती दुसरी. तिचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शिक्षक व तत्त्वचिंतक होते. मुलांना छडी न मारता, प्रश्न विचारून शिकवावे, असे त्यांचे मत होते. आणि ते मत त्यांनी त्या काळात अमलात आणले, हे विशेष. बॉस्टन शहरातील आपल्या शाळेत त्यांनी एका निग्रो मुलीला प्रवेश दिला, तेव्हा बाकीच्या पालकांनी आपली मुले काढून नेली आणि शाळा बंद पडली. पुढे १८४३ साली त्यांनी काही मित्रांबरोबर एका शेतावर आश्रम काढला. तेथे मांसाहार वर्ज्य होता. कापूस गुलामांच्या कष्टाने पिकतो म्हणून सुती कपडाही वर्ज्य होता. विचार थोर होता, पण शेती कोणालाच येत नव्हती. हिवाळा आला तसा आश्रम मोडला. दहा वर्षांच्या लुइझाने हे सर्व डोळ्यांनी पाहिले. वडील विद्वान होते, सज्जन होते, परंतु संसाराला लागणारा पैसा त्यांना कधी मिळवता आला नाही. एकदा ते व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले आणि थंडीत कुडकुडत घरी परतले, तेव्हा त्यांच्या पाकिटात अवघा एक डॉलर होता. घर चालवण्याचा भार आईवर आणि मुलींवर पडला.

म्हणून लुइझाने मिळेल ते काम केले. तिने शिवणकाम केले, लहान मुलांना शिकवले. अठराएकोणीस वर्षांची असताना एका सधन घरी आजारी बाईची सोबतीण म्हणून ती नोकरीस राहिली. काम हलके असेल, वाचून दाखवणे व गप्पा करणे एवढेच करावे लागेल, असे तिला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिला लाकडे फोडावी लागली, बर्फ उपसावे लागले, विहिरीचे पाणी ओढावे लागले. घरधन्याचे जोडे पुसण्याची पाळी आली, तेव्हा मात्र तिने साफ नकार दिला. सात आठवड्यांनी ती घरी आली, तेव्हा मजुरी म्हणून तिच्या हातावर चार डॉलर ठेवण्यात आले होते. घरात पैशाची किती निकड होती हे आपण पाहिलेच. तरीही अल्कॉट मंडळींनी ते चार डॉलर परत पाठवून दिले.

या सर्व धडपडीत तिची लेखणी चालूच होती. बावीस वर्षांची असताना तिचे पहिले पुस्तक निघाले. त्यात फुलांच्या व पऱ्यांच्या कथा होत्या. पुढे मासिकांतून ती खून, सूड आणि हरवलेले वारस असल्या चमत्कारिक गोष्टी लिहू लागली. त्यांचे पैसे बरे मिळत, पण त्यांतील माणसे तिने कधी पाहिलेली नव्हती. बॉस्टनचे एक नामांकित प्रकाशक जेम्स फील्ड्स यांनी तर तिला लेखनाचा नाद सोडून शिक्षिकाच राहण्याचा सल्ला दिला, आणि बालवर्ग काढण्यासाठी चाळीस डॉलर उसने दिले. तिने बालवर्ग काढला. तो चालला नाही. पैसे मात्र देणे राहिले. हे चाळीस डॉलर लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण ती ते विसरली नाही.

याच सुमारास घरात एक मोठे दुःख येऊन गेले होते. तिची धाकटी बहीण एलिझाबेथ हिला लोहितांग ज्वर झाला. त्यातून ती वाचली, पण पुन्हा सावरली नाही आणि १८५८ साली वारली. त्या दीर्घ दुखण्यात लुइझाने रात्रीच्या रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या. 'चौघीजणी'तील बेथची आठवण ज्यांना आहे, त्यांना ही बहीण कोण ते वेगळे सांगावयास नको.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील संस्थाने एका बाजूस आणि गुलाम बाळगणारी दक्षिणेकडील संस्थाने दुसऱ्या बाजूस, असा तो लढा होता. अल्कॉट घराणे गुलामगिरीचे कट्टर वैरी. त्यांच्या घरी पळून आलेल्या गुलामांना आसराही मिळालेला होता. लुइझाला वाटे, आपण पुरुष असतो तर बंदूक घेऊन गेलो असतो. ते शक्य नव्हते. तेव्हा जखमी सैनिकांची शुश्रूषा करावयास जाण्याचे तिने ठरवले. तिशीच्या आतील स्त्रियांना या कामावर घेत नसत. नोव्हेंबर १८६२ मध्ये तिला तीस वर्षे पूर्ण झाली आणि तिने लगेच अर्ज केला. वेतन होते दिवसाला चाळीस सेंट; मुदत तीन महिन्यांची. तिला शिक्षण कसले दिले? काहीच नाही. परिचारिका होण्यासाठी तेव्हा अंगी धीर आणि हात स्वच्छ असले की पुरे, असेच समजले जाई. आपल्याकडे पाहावे, तर त्या वेळी परंड्याच्या मुलखावर निजामाचा अंमल होता आणि पुढे डॉक्टर होणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचा जन्मही व्हावयाचा होता. घरची स्त्री परक्या पुरुषांच्या जखमा धुण्यास बाहेर पडते, ही गोष्ट अमेरिकेतही पुष्कळांना पटत नव्हती.

डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत लुइझा राजधानी वॉशिंग्टनला पोहोचली. जॉर्जटाउन भागातील एका जुन्या प्रवासी हॉटेलात सैनिकांचे रुग्णालय थाटले होते. हॉटेल म्हणून बांधलेली ती वास्तू; आजाऱ्यांसाठी तिच्यात काहीच सोय नव्हती. खोल्या अंधाऱ्या, भिंतींना ओल, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या; स्वयंपाकघराचा, मोरीचा आणि जखमांचा वास एकत्र कोंदलेला. दारांवर हॉटेलातील जुनी नावे तशीच होती. लुइझाच्या वाट्याला आलेले दालन हे पूर्वीचे नृत्यगृह होते, आणि आता तेथे चाळीस खाटा मांडल्या होत्या.

पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांसमोर एका रुग्णाने प्राण सोडला. एका बाजूस न्यूमोनियाने धापा टाकणारा पोरगा, दुसऱ्या बाजूस छातीत गोळी लागलेला सैनिक, आणि मध्ये खुर्चीवर काय करावे हे न कळणारी लुइझा, असा तिचा पहिला दिवस गेला. नंतर खरी लाट आली. फ्रेडरिक्सबर्ग येथे झालेल्या लढाईत उत्तरेकडील सैन्याची बारा हजारांहून अधिक माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली होती. त्यांतील जखमींच्या गाड्या भल्या पहाटे दारात येऊन उभ्या राहिल्या. चिखलाने माखलेली, रक्ताने कपडे कडक झालेली, कित्येक दिवस मलमपट्टी न बदललेली माणसे आत आणली जाऊ लागली. लुइझाच्या हाती पाण्याचे भांडे, साबण आणि फडकी देण्यात आली व यांना धुऊन काढ, असे सांगण्यात आले. ज्या बाईने आयुष्यात परक्या पुरुषाचा हातही धरला नव्हता, ती क्षणभर थिजली. मग तिने मन घट्ट केले आणि सर्वांत जवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या आयरिश सैनिकापासून आरंभ केला. कोणी बाई आपले तोंड धुते आहे, याचेच त्या म्हाताऱ्याला इतके नवल वाटले, की तो गमतीने आशीर्वाद देऊ लागला. दोघांनाही हसू आले आणि लुइझाची भीती पळाली.

त्या दिवसापासून तिला उसंत अशी मिळाली नाही. सकाळी सहाला उठून ती सारे दालन फिरे आणि थंडीची पर्वा न करता खिडक्या उघडी, कारण कोंदट हवेत जखमा चिघळतात असे तिला वाटे. पावाचे तुकडे वाटणे, मलमपट्टीच्या वेळी वैद्यांपाशी उभे राहणे, हात तुटलेल्यांना भरवणे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे लिहून देणे, यांत दिवस जाई. पुढे तिला रात्रपाळी मिळाली. निजलेल्या माणसांचे चेहरे पाहून त्यांचा स्वभाव ओळखण्याची तिला तेथे सवय लागली.

तिच्या दालनात जॉन नावाचा एक सैनिक होता. तो धंद्याने लोहार. अंगाने धिप्पाड, चेहऱ्याने शांत. गोळी त्याच्या पाठीतून फुप्फुसात गेली होती. त्याला आडवे होता येत नसे. उशांना टेकून तो श्वासासाठी झगडे. तो कधी काही मागत नसे, म्हणून लुइझाला वाटले की हा नक्की बरा होणार, आणि ती अधिक कण्हणाऱ्या रुग्णांकडे धावे. एके दिवशी वैद्याने तिला सांगितले, की याची आशा नाही आणि ही गोष्ट त्याला तूच सांग. ती दालनात परतली, तेव्हा त्याची मलमपट्टी चालू होती. त्या राकट माणसाच्या गालांवरून अश्रू ओघळत होते आणि धीरासाठी धरावयास त्याच्याजवळ कोणाचाही हात नव्हता. लुइझाला स्वतःची लाज वाटली. जो मागत नाही त्याला काही लागत नाही, असे आपण कसे समजलो, हा प्रश्न तिला पुढे फार दिवस सलत राहिला.

तेव्हापासून ती त्याच्यापाशी बसू लागली. घरी विधवा आई आणि लहान भावंडे होती; त्यांच्यासाठी त्याने लग्नही केले नव्हते. त्याच्या सांगण्यावरून तिने घरी पत्र लिहिले. उत्तराची वाट पाहण्यातच त्याची अखेर जवळ आली. मरताना त्याने लुइझाचा हात इतका घट्ट धरला, की तो दुसऱ्या कोणी तरी सोडवावा लागला. तिच्या हातावर त्याच्या बोटांचे चार पांढरे वळ पुष्कळ वेळ दिसत होते. आणि मग दालनाच्या कारभाऱ्याने तिच्या हाती एक पत्र ठेवले. ते जॉनच्या घरचे पत्र होते. रात्रीच आले होते. देण्याचे राहून गेले होते. ते पत्र तिने मृत जॉनच्या हातात ठेवले. ही सर्व हकीकत तिने स्वतः लिहून ठेवली आहे.

अशा त्या घरात परिचारिकांची काळजी कोण घेणार? जानेवारीत लुइझाला खोकला झाला, मग ताप भरला. तो विषमज्वर होता. मुख्य परिचारिका हॅना रोप्स ह्याही त्याच दुखण्याने अंथरुणास खिळल्या. घरी तार गेली आणि १६ जानेवारी १८६३ रोजी ब्रॉन्सन अल्कॉट मुलीला नेण्यास येऊन दाखल झाले. लुइझा निघावयास तयार होईना. तीन महिन्यांचा शब्द दिला होता, आणि अजून निम्मी मुदतही धड झाली नव्हती. पण २० तारखेला हॅना रोप्स वारल्या. दुसऱ्या दिवशी वडिलांनी लुइझाला गाडीत घालून घरची वाट धरली.

घरी तीन आठवडे ती बेशुद्धीत बडबडत होती. न मरणाऱ्या आणि न बरे होणाऱ्या लक्षावधी रुग्णांची आपण अखंड सेवा करीत आहोत, असे तिला त्या भ्रमात दिसे. तिचे दीड वार लांबीचे केस कापावे लागले. रुग्णालयात तिला पाऱ्याचे औषध मोठ्या मात्रेत दिले होते. तेव्हा ती रीतच होती. त्या पाऱ्याने आपली प्रकृती कायमची बिघडली, असे तिचे मत होते. अलीकडील काही वैद्यांना तिच्या पुढच्या दुखण्यांचे कारण निराळे वाटते. काहीही असो, शुद्धीवर आलेली लुइझा आरशात पाहू लागली, तेव्हा तिला स्वतःची ओळख पटेना.

मार्च महिन्यात ती खोलीबाहेर आली. आता पुढे काय, हा प्रश्न समोर उभा होता. रुग्णालयात परत जाण्याइतके बळ अंगात नव्हते. शाळा काढून पाहिली होती, ती बुडाली होती. एक वाट मात्र सोपी होती. वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी तिने लिहिलेल्या एका सनसनाटी कथेला एका साप्ताहिकाचे शंभर डॉलरांचे बक्षीस मिळाले होते. तसल्या कथा लिहीत बसले असते, तर घरखर्च भागला असता आणि अर्धवट सुटलेल्या त्या नोकरीविषयी कोणी विचारलेही नसते.

पण घरी दुसरेही काही होते. रुग्णालयातून तिने वेळ मिळेल तशी पत्रे पाठवली होती. कधी पावाला चव नव्हती, कधी कोण कसा हसला व कोण कसा गेला, असे त्यांत घाईघाईने लिहिलेले होते. ती पत्रे घरच्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवली. फ्रँकलिन सॅनबॉर्न हे गृहस्थ बॉस्टनच्या 'कॉमनवेल्थ' पत्राचे संपादक होते. ही पत्रे नीट करून छापावयास द्यावी, असा त्यांनी आग्रह धरला. लुइझाला त्यांत विशेष काही दिसेना. जे काम आपल्याला पुरे करता आले नाही, त्याविषयी आपण काय म्हणून लिहावे, हा संकोच तिला असल्यास नवल नाही. शिवाय त्या पत्रांत राजवाडे नव्हते, खजिने नव्हते. होते ते घाणेरड्या मोऱ्या, विसरलेली पत्रे आणि साधी माणसे. तरीही तिने होकार दिला. स्वतःची फजिती तिने लपवली नाही. उलट, एक विनोदी नाव धारण करून स्वतःलाच हसत हसत तिने सारे सांगितले. आणि जेथे व्यवस्थेचा दोष होता, तेथे तोही स्पष्ट सांगितला.

मे १८६३ पासून ते लेख छापले जाऊ लागले आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले. ज्यांची मुले रणांगणावर होती, त्या घरोघरच्या आईबापांना रुग्णालयाच्या आत काय चालते हे प्रथमच कळत होते. ऑगस्टमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. प्रत्येक प्रतीमागे निदान पाच सेंट युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी ठेवण्यात आले. प्रकाशक आता तिच्याकडे येऊ लागले. मृत्यूच्या प्रसंगी विनोद कशाला, अशी कुरकुरही काहींनी केली. परंतु आपल्याला कशाविषयी लिहिता येते, हे लुइझाला या पुस्तकाने दाखवले. तीस वर्षांची होईतो तिने जे पाहिले नव्हते ते लिहिले होते. आता तिने पाहिलेले लिहिले होते. सनसनाटी कथा तिने यानंतरही लिहिल्या, कारण घरी खाणारी तोंडे होती, हेही सांगितले पाहिजे.

सेवेची ओढ सुटली नव्हती. दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांना शिकवावयास जाण्याची तिने खटपट केली. एकटी अविवाहित स्त्री म्हणून तिला नकार मिळाला. १८६५ मध्ये एका आजारी तरुणीची सोबतीण म्हणून ती युरोपात गेली आणि वर्षभराने परतली.

मग थॉमस नाइल्स या प्रकाशकाने तिला मुलींसाठी कादंबरी लिहिण्यास सांगितले. तिला ते काम आवडले नाही; आपल्या बहिणींखेरीज मुली आपल्याला ठाऊकच नाहीत, अशी तिची तक्रार होती. अखेर १८६८ च्या मे महिन्यात तिने त्या बहिणींवरच लिहावयास बसण्याचे ठरवले. अडीच महिन्यांत पहिला भाग पुरा झाला. त्यातील वडील वॉशिंग्टनच्या रुग्णालयात आजारी पडतात, तार येते, आई धावत जाते. आणि घरी पैसे हवेत म्हणून जो आपले लांबसडक केस कापून विकते. ज्या बाईने तार पाठवली जाणे, वडिलांचे धावत येणे आणि केस जाणे हे सारे भोगले होते, तिला हे प्रसंग दुसऱ्या कोणाकडून शिकावे लागले नाहीत.

पुस्तकाची विक्री झपाट्याने वाढली. घराण्यावरील सारी जुनी देणी लुइझाने फेडली. जेम्स फील्ड्स यांचे चाळीस डॉलरही तिने आठवणीने परत केले.

पैसा आला, कीर्ती आली, पण घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा तिने नोकरांवर सोपवून दिली नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात, १८७७ साली, ती स्वतः अशक्त असूनही तिच्याजवळ होती. धाकटी बहीण मे पॅरिसला वारली, तेव्हा तिची तान्ही मुलगी लुइझाने आपलीशी केली. १८८२ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. त्यांचीही काळजी तिने वाहिली. १८८८ च्या मार्चच्या आरंभी ती त्यांना शेवटची भेटून गेली. ४ मार्चला वडील वारले आणि ६ मार्चला, पंचावन्नाव्या वर्षी, लुइझा. काँकॉर्ड गावाच्या टेकडीवरील स्मशानभूमीत, आईवडिलांच्या जवळ तिला पुरले आहे.